थ्रीडी सिनेमा पुन्हा पुन्हा का येतो, आणि डोकं का दुखतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील अजूनही १९९८ च्या ‘छोटा चेतन’बद्दल रंगून सांगतात. तुम्ही स्वतः २००९ मध्ये ‘अवतार’ पाहून भारावला होतात. आणि परवा नऊ वर्षांच्या मुलीला हौसेने गावातल्या थिएटरात थ्रीडीला नेलं, तर अर्ध्या तासात तुमचं डोकं ठणकायला लागलं. मुलीने मध्येच चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ‘बाबा, मला काहीच बाहेर आलेलं दिसत नाहीये.’ म्हणून तुम्ही विचारता, की हे तंत्र दर पंचवीस-तीस वर्षांनी गाजावाजा करत येतं आणि विरून जातं ते का, आता ते संपलंय का, आणि मुलीला पुन्हा न्यावं की नाही.

मी १९८५ पासून सिनेमाच्या केबिनमध्ये आहे, म्हणजे जिथे प्रोजेक्टर असतो त्या खोलीत. प्रोजेक्टरला आम्ही मशिन म्हणतो. आधी हेल्पर, मग ऑपरेटर, आणि पुढे थिएटरांत डिजिटल मशिन बसवणं, जुळवणं, दुरुस्त करणं हेच काम. थ्रीडीच्या दोन लाटा मी केबिनच्या खिडकीतून पाहिल्या आहेत. म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे. मुलीबद्दलचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो शेवटी घेतो, कारण मधलं सगळं वाचल्यावर तो नीट पटेल.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. तुमचं डोकं त्या दिवशी सिनेमामुळे दुखलं, थिएटरमुळे दुखलं की तुमच्या डोळ्यांमुळे, हे मला इथे बसून ठरवता येणार नाही. तिन्ही कारणं खरी असू शकतात. पण कोणतं कारण कसं ओळखायचं ते मात्र सांगू शकतो.

बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारतं. दोन डोळ्यांमध्ये सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना जग किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली, म्हणजे वस्तू किती जवळ-लांब आहे ते, काढतो. हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दोन चित्रं आणि दोन आरसे वापरून लंडनमध्ये दाखवून दिलं, म्हणजे सिनेमा जन्माला यायच्या जवळपास साठ वर्षं आधी. लहानपणी व्ह्यू-मास्टरमध्ये चकती घालून खटका दाबला असेल, तर तुम्ही तेच पाहिलं आहे.

तेव्हा थ्रीडी म्हणजे एकाच पडद्यावर एकाच वेळी चाललेले दोन सिनेमे, एक डाव्या डोळ्याचा आणि एक उजव्या. चष्म्याचं काम एवढंच, की ज्याचं चित्र त्यालाच मिळावं. ही कल्पना कधीच चुकीची नव्हती. अडचण अशी, की ते दोन सिनेमे उंचीला, वेळेला आणि उजेडाला तंतोतंत जुळले पाहिजेत. साधा सिनेमा फार क्षमाशील असतो. चित्र बोटभर वर सरकलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. थ्रीडीत दोनपैकी एकच चित्र बोटभर वर सरकलं, तर एक डोळा वर आणि एक डोळा खाली न्यावा लागतो. हे काम आपल्या डोळ्यांनी जन्मात केलेलं नसतं. प्रेक्षकाला काय बिघडलंय ते कळत नाही, फक्त भुवईच्या वर ठणका लागतो.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर थ्रीडी दर वेळी कॅमेऱ्यापाशी जिंकलं आणि केबिनमध्ये हरलं. आता इतिहास त्या नजरेने बघा.

लोकांना दाखवलेला पहिला मोठा थ्रीडी कथापट ‘द पॉवर ऑफ लव्ह’, २७ सप्टेंबर १९२२, लॉस एंजेलिस. चष्मा लाल-हिरव्या काचांचा. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये लॉरेन्स हॅमंड यांनी ‘टेलिव्ह्यू’ दाखवलं. पुढे ज्यांच्या नावाचा ऑर्गन जगभर वाजला तेच हे हॅमंड. त्यात प्रत्येक खुर्चीला एक यंत्र जोडलेलं होतं आणि त्यातली फिरती झडप मशिनशी ताल धरून डावा-उजवा डोळा आळीपाळीने झाकायची. आजचे बॅटरीवाले चष्मे हेच करतात. पण खुर्चीगणिक मोटर बसवायला कोण मालक तयार होणार? ते एका थिएटरापुरतंच राहिलं.

खरी वाट मोकळी केली एडविन लँड यांच्या पारदर्शक पोलरॉइड पत्र्याने, १९३० च्या दशकात. खिडकीच्या उभ्या गजांतून ताट आडवं जात नाही, उभं धरलं की सरकतं. हा पत्रा प्रकाशाला तसंच करतो, एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे पोलराइज्ड, प्रकाश पलीकडे जाऊ देतो. डाव्या चित्राला एक दिशा, उजव्याला तिच्या काटकोनातली दुसरी, आणि चष्म्यातही तेच. रंग पूर्ण शाबूत राहतात. पन्नासच्या दशकातले हॉलिवूडचे थ्रीडी सिनेमे लाल-निळ्या चष्म्यातून बघायचे असा सगळीकडे समज आहे, तो चुकीचा आहे. थिएटरात करड्या काचांचे पोलराइज्ड चष्मे होते. लाल-निळा होता तो मुख्यतः छापील चित्रकथांसाठी.

२६ नोव्हेंबर १९५२ ला आर्च ओबोलर यांचा ‘ब्वाना डेव्हिल’ लागला आणि पहिली मोठी लाट आली. गोष्ट पूर्व आफ्रिकेतली, त्सावोच्या नरभक्षक सिंहांची. ज्या रेल्वेच्या कामावर ते सिंह १८९८ मध्ये तुटून पडले, तिथे राबणारे बरेच मजूर हिंदुस्थानातून नेलेले होते. समीक्षकांनी सिनेमाला झोडपलं, पण लोकांनी रांगा लावल्या. पुढच्याच वर्षी ‘हाउस ऑफ वॅक्स’ तुफान चालला. त्याचे दिग्दर्शक आंद्रे द तोथ यांना एकच डोळा होता. ज्या खोलीने प्रेक्षक दचकत होते ती त्यांना स्वतःला दिसत नव्हती. तरी त्यांनी ती इतकी अचूक मांडली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

आता केबिनमध्ये या. तेव्हा थिएटरात दोन मशिनं असायचीच. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं आणि मग पहिल्यावर पुढचं रीळ चढवायचं. थ्रीडीसाठी ही दोन्ही मशिनं एकाच वेळी चालवावी लागत, एकावर डावी प्रिंट आणि दुसऱ्यावर उजवी, मोटरी एकमेकींना बांधून. बदलायला मशिनच उरलं नाही म्हणून तासभर पुरतील अशी अवाढव्य रिळं आली, आणि ती बदलायला मध्ये मध्यंतर आलं.

आता समजा उजव्या प्रिंटला चीर पडली. ऑपरेटर नेहमीच्या सवयीने फाटलेल्या तीन फ्रेम कापतो, जोड मारतो आणि पुढे जातो. साध्या सिनेमात एक बारीकसा झटका बसतो, विषय संपला. इथे मात्र त्या जोडापासून उजवा डोळा डाव्याच्या तीन फ्रेम पुढे, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग पुढे जातो, आणि रीळ संपेपर्यंत तसाच राहतो. स्थिर भिंत ठीक दिसते, पण पळणारा घोडा दोन डोळ्यांना दोन ठिकाणी दिसतो. योग्य उपाय म्हणजे तेवढ्याच काळ्या फ्रेम मोजून तिथे जोडणं, किंवा डाव्या प्रिंटमधूनही नेमक्या त्याच तीन फ्रेम काढणं. रोज चार खेळ चालवणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवलंच नव्हतं. एका मशिनमधली उजेडासाठी जळणारी कार्बनची कांडी दुसऱ्यापेक्षा मंद जळली तरी एका डोळ्याला अंधुक दिसायचं.

सप्टेंबर १९५३ मध्ये ‘द रोब’ घेऊन सिनेमास्कोप आलं. एक मशिन, एक प्रिंट, रुंद पडदा आणि चष्मा नाही. जाहिरातीतही चष्म्याविना हाच मुद्दा पुढे होता. मालकांनी काय निवडलं असेल ते सांगायला नको. १९५४ मध्ये लागलेला ‘डायल एम फॉर मर्डर’ हिचकॉक यांनी थ्रीडीत चित्रित केला होता, तोही फार संयमाने. वस्तू प्रेक्षकांवर फेकण्याऐवजी त्यांनी टेबलावरचे दिवे आणि बाटल्या पुढे ठेवून ती खोलीच खोल केली, आणि नायिकेचा गळा आवळला जात असताना मागे कात्री शोधणारा तिचा हात तेवढा बाहेर येऊ दिला. पण तोवर लाट ओसरली होती आणि बहुतेक लोकांनी तो सपाटच पाहिला.

चष्म्याविना थ्रीडी का नाही, असं लोक नेहमी विचारतात. मॉस्कोत १९४१ मध्ये सेम्यॉन इव्हानोव्ह यांनी बारीक तारांच्या जाळीचा पडदा लावून ते करून दाखवलं होतं. पण डोकं थोडं हललं की चित्र मोडायचं. शेकडो माणसांना दोन तास मान न हलवता कसं बसवणार?

पुढची लाट १९८० च्या आसपासची, आणि इथून मी साक्षीदार आहे. या वेळी दोन्ही डोळ्यांची चित्रं एकाच फिल्मवर घेतली. एका फ्रेमच्या उंचीला फिल्मच्या कडेला चार छिद्रं असतात. त्यातल्या वरच्या दोन छिद्रांइतक्या जागेत एका डोळ्याचं चित्र आणि खालच्या दोनमध्ये दुसऱ्याचं. मशिनला एक जोडलेन्स लावायची आणि ती ही दोन चित्रं पडद्यावर एकावर एक आणून ठेवायची. फिल्म एकच असल्याने डावं-उजवं वेळेला कधी सुटणार नाही, म्हणजे १९५३ चा मोठा रोग बरा झाला. याच पद्धतीने केरळात नवोदय स्टुडिओने जिजो पुन्नूस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माय डिअर कुट्टिचातन’ काढला. भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट, ऑगस्ट १९८४. तुमच्या वडिलांचा ‘छोटा चेतन’ म्हणजे याचंच हिंदी रूप. हिंदीत १९८५ मध्ये ‘शिवा का इन्साफ’ आला.

त्याच सुमारास मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी हेल्पर होतो. थ्रीडी लागणार म्हणून मालकांनी पडद्याला चांदीचा रंग मारून घेतला. साध्या पांढऱ्या पडद्यावर आदळला की पोलराइज्ड प्रकाश विस्कटतो आणि दोन्ही चित्रं दोन्ही डोळ्यांत शिरतात, म्हणून पडदा चंदेरी लागतो. डिस्ट्रिब्युटरचा माणूस लाकडी पेटीतून लेन्स घेऊन आला. खेळ सुटला की दारात टोपल्या घेऊन चष्मे परत घ्यायचे, डेटॉलच्या बादलीत बुचकळायचे आणि मलमलीने पुसायचे, हे काम माझं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला तिसरं रीळ चढलं आणि पाच मिनिटांत खालून शिट्ट्या सुरू झाल्या. आमचे मुख्य ऑपरेटर, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, खिडकीतून बघत होते. त्यांना सगळं ठीक दिसत होतं. फोकस बरोबर, उजेड बरोबर, दोन चित्रं एकावर एक. मी चष्मा पुसत होतो, तो तसाच डोळ्यांवर लावून खिडकीत तोंड घातलं आणि गरगरलं. मागची भिंत पुढे आली होती आणि माणसाचा चेहरा त्या भिंतीत खड्ड्यासारखा आत गेला होता. रीळ लावताना फिल्म दोन छिद्रं सरकली होती, म्हणजे बरोबर अर्धी फ्रेम. त्यामुळे डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला जात होतं. चष्म्याविना हे ओळखायला मार्गच नव्हता. मामांनी मशिन थांबवलं, फिल्म दोन छिद्रं सरकवून पुन्हा लावली आणि खेळ सुरू केला. त्या दिवसापासून केबिनच्या खिडकीशेजारी खिळ्याला एक चष्मा कायमचा टांगलेला असायचा, आणि रीळ बदललं की मामा आधी तो डोळ्यांवर लावून बघायचे.

तो खिळा आणि तो चष्मा मी पुढे फार थोड्या केबिनमध्ये पाहिला. बहुतेक ठिकाणी ऑपरेटर उघड्या डोळ्यांनी थ्रीडी चालवत होते. शिवाय एकाच दिव्याचा उजेड दोन चित्रांत वाटला जायचा आणि त्यावर पोलराइज्ड काचा, त्यामुळे पडदा संध्याकाळ झाल्यासारखा दिसायचा. ती लाटही ओसरली.

तिसऱ्यांदा थ्रीडी आलं ते डिजिटलच्या पाठीवर बसून. नोव्हेंबर २००५ मध्ये डिस्नेचा ‘चिकन लिटल’ अमेरिकेत मोजक्या थिएटरांत डिजिटल थ्रीडीत लागला. या वेळी तंत्र खरोखर सुटलं होतं. मशिन एकच, आणि ते प्रत्येक फ्रेम डावी-उजवी, डावी-उजवी अशी प्रत्येक डोळ्याला तीनदा दाखवतं. २४ फ्रेम गुणिले दोन डोळे गुणिले तीन, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा. फिल्म नाही म्हणजे चीर नाही, जोड नाही, फिल्म उजेडापुढून जाते त्या गेटमध्ये थरथर नाही. प्रकाशाचा कंप गोल फिरता ठेवणाऱ्या, म्हणजे ‘वर्तुळाकार’ पोलराइज्ड काचा आल्यामुळे मान कलती केली तरी चित्र फुटेनासं झालं. आणि डिसेंबर २००९ मध्ये जेम्स कॅमेरून यांचा ‘अवतार’ आला. पहिल्याच फेरीत त्याने जगभरात २७० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. फिल्मवरून डिजिटलकडे जायला का-कू करणाऱ्या असंख्य मालकांनी याच एका सिनेमासाठी मशिन बदललं. थ्रीडीचा सगळ्यांत टिकाऊ परिणाम हाच आहे असं मला वाटतं.

मग गाडी पुन्हा का अडली? मला दोन कारणं दिसली. एक माझ्या बाजूचं आहे आणि एक स्टुडिओच्या.

माझ्या बाजूचं कारण उजेड. पडद्यावरचा उजेड आम्ही फूट-लँबर्टमध्ये मोजतो. साध्या सिनेमाला १४ हवेत. थ्रीडीत प्रत्येक डोळ्याला निम्म्याहून कमी वेळ चित्र मिळतं, मशिनपुढची काच उजेड खाते आणि चष्माही खातो. म्हणून साडेचारच्या आसपास मिळाले तरी चालवून घेतात. म्हणजे सुरुवातच तिपटीने कमी. २०१२ मध्ये एका जिल्ह्याच्या गावातून तक्रार आली की थ्रीडीला लोक उठून जातात. मीटर लावला तर २.४. झेनॉनचा दिवा आपलं आयुष्य संपवून शेकडो तास पुढे गेला होता. केबिनच्या काचेवर आतून धुराळा होता आणि पडद्यावर दोन उन्हाळ्यांची धूळ. दिवा बदलला, आरसा जुळवला, काच पुसली आणि पडदा मऊ ब्रशने झाडला, तर ४.३ आले. सिनेमा तोच, मशिन तेच. मालक दुसऱ्या रांगेत उभे राहून म्हणाले, ‘इतके दिवस आपण लोकांना काय दाखवत होतो?’ मंद उजेडात डोळ्यांची बाहुली मोठी होते, बारकावे पुसट होतात आणि मेंदूला दोन चित्रांतल्या जोड्या जुळवायला जास्त कष्ट पडतात. अर्ध्या तासात डोकं दुखण्याचं मला सर्वाधिक वेळा सापडलेलं कारण हेच आहे, आणि ते दुरुस्त करता येतं याचं मला राहून राहून वाईट वाटतं. लोकांनी तिकिटाचे जास्त पैसे मोजून कमी उजेड पाहिला.

स्टुडिओच्या बाजूचं कारण म्हणजे घाईघाईत केलेलं रूपांतर. सिनेमा साध्या कॅमेऱ्याने काढायचा आणि नंतर संगणकावर त्याचं थ्रीडी करायचं. हे काम मुळात हलकं नाही. प्रत्येक फ्रेममधली प्रत्येक वस्तू कडेने कापून वेगळी करायची, याला रोटो म्हणतात. मग तिला खोली द्यायची, आणि वस्तू सरकवल्यावर मागे जे भोक पडतं ते रंगवून भरायचं. दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० फ्रेम असतात. या कामाचं मोठं केंद्र आपली मुंबई आहे. प्राइम फोकससारख्या कंपनीने ‘ग्रॅव्हिटी’च्या काही भागाचं रूपांतर केलं, आणि ते पाहताना खरा थ्रीडी कॅमेरा वापरला नाही असं वाटतही नाही. माझी भाची काही वर्षं मालाडला रोटोचं काम करत होती. वाऱ्यावर उडणाऱ्या मोकळ्या केसांचा जेमतेम तीन सेकंदांचा एक शॉट तिने आठ दिवस केला. एकेक बट वेगळी काढली नाही, तर केसांच्या भोवतीची हवाही डोक्याला चिकटून पुढे येते आणि माणूस पुठ्ठ्यातून कापल्यासारखा दिसतो.

आता फरक बघा. ‘अवतार’च्या यशानंतर ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ सुमारे दहा आठवड्यांत थ्रीडी करून २०१० मध्ये लावला. ‘टायटॅनिक’च्या रूपांतराला साठ आठवडे दिले आणि तो २०१२ मध्ये लागला. पहिल्याने लोकांचा विश्वास गेला. दोष हातांचा नव्हता, तारखेचा होता. पण प्रेक्षकाच्या मनात नाव थ्रीडीचं खराब झालं.

याच बाजूचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. दूरची वस्तू दाखवताना डावं आणि उजवं चित्र पडद्यावर एकमेकांपासून बाजूला ठेवतात. ते अंतर साडेसहा सेंटिमीटरच्या पुढे गेलं, तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं, जे ते करत नाहीत. थ्रीडीचं डिजिटल चित्र बहुधा रुंदीला २०४८ ठिपक्यांचं असतं. सहा मीटरच्या पडद्यावर २२ ठिपक्यांचं अंतर म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटर, अगदी कडेवर पण चालेल. तेच चित्र बारा मीटरच्या पडद्यावर टाकलं की ते अंतर तेरा सेंटिमीटर होतं. म्हणजे छोट्या पडद्यावर तपासून पास केलेला सिनेमा मोठ्या पडद्यावर डोळे ओढतो. चांगले स्टिरिओग्राफर, म्हणजे थ्रीडीतली खोली आखणारे लोक, हे गणित शूटिंगच्या आधीच मांडतात. घाईत असलेले मांडत नाहीत.

इथवरचं एकत्र बांधतो. १९५३ मध्ये दोन मशिनं जुळेनात. ऐंशीच्या दशकात फिल्म एक झाली, पण उजेड गेला आणि ऑपरेटरला चष्मा लावून बघायची सवय लागली नाही. २००९ नंतर जुळणी सुटली, पण उजेड तोकडाच राहिला आणि त्यात कच्ची रूपांतरं मिसळली.

आता संपलं का? गाजावाजा नक्कीच संपला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या तिकीटबारीचा सुमारे पाचवा हिस्सा थ्रीडीचा होता, तो पुढे घसरत गेला. घरातले थ्रीडी टीव्ही मोठ्या कंपन्यांनी २०१६-१७ पर्यंत बंद केले. आपल्याकडे २०१३ मध्ये महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आणला, मराठीतला तो पहिला. त्यानंतर मराठीत हा ओघ काही वाढला नाही. पण डिसेंबर २०२२ मध्ये ‘अवतार’चा दुसरा भाग आला तेव्हा लोक पुन्हा चष्मे लावून बसले. शिवाय लेझर मशिनमुळे उजेडाचं माझं जुनं दुखणं आता खरंच बरं होऊ शकतं. नीट जुळवलेल्या लेझरवर थ्रीडी पाहिलं आणि मला वाटलं, हे १९८५ मध्ये मामांना दाखवायला हवं होतं. माझ्या मते थ्रीडी प्रत्येक सिनेमासाठी कधीच नव्हतं. स्कॉर्सेसी यांचा ‘ह्यूगो’, अँग ली यांचा ‘लाइफ ऑफ पाय’, विम वेंडर्स यांचा नृत्यावरचा ‘पिना’, यांत खोली हीच गोष्टीची भाषा आहे. असे सिनेमे थोडे असतील, आणि थोडेच असावेत.

पुढच्या वेळी तिकीट काढताना लेझर मशिन कुठे आहे ते बघा आणि सिनेमा मुळातच थ्रीडीत चित्रित आहे का ते शोधा. जागा मधोमध घ्या, निम्म्यापेक्षा थोडी मागे. चंदेरी पडदा कडेच्या खुर्च्यांना फार कमी उजेड देतो. चष्मा हातात आला की आपल्या रुमालाने पुसा, निम्म्या वेळा त्यावर कोणाच्या तरी बोटांचे ठसे असतात. खेळ सुरू झाल्यावर एक डोळा मिटा, मग दुसरा. दोघांना उजेड सारखा दिसला पाहिजे. पांढऱ्या अक्षरांशेजारी फिकट दुसरी अक्षरं दिसली तर ते घोस्टिंग, म्हणजे पडदा किंवा चष्मा खराब आहे. आणि दृश्य नुसतंच विचित्र वाटत असेल, तर बॅटरी नसलेला साधा चष्मा क्षणभर वरची कड खाली करून उलटा धरून बघा, डावी काच उजव्या डोळ्यावर येईल असा. उलटा धरल्यावर सगळं जागेवर आलं, तर मशिनमध्ये डावं-उजवं बदललेलं आहे. उठून मॅनेजरला सांगा. डिजिटलमध्येही हे होतं, मी दुरुस्त केलंय, दोन मिनिटांचं काम आहे.

आता मुलीबद्दल. तुमचं डोकं दुखलं याचं मला फारसं काही वाटत नाही, त्याची कारणं वर आली. पण ती ‘डोकं दुखतंय’ म्हणाली नाही, ‘काहीच बाहेर आलेलं दिसत नाही’ म्हणाली. कदाचित मोठ्यांच्या मापाचा चष्मा तिच्या नाकावरून घसरत असेल आणि ती काचेच्या वरून बघत असेल, लहान मुलांचं असं हमखास होतं. पण तुम्हाला त्याच खेळाला खोली दिसत होती आणि चष्मा नीट बसूनही तिला दिसत नव्हती, तर तिचे दोन डोळे एकत्र काम करतायत की नाही हे तपासून घ्यायला हवं. एक डोळा आळशी असेल किंवा किंचित तिरळा असेल, तर मेंदू त्याचं चित्र बाजूला टाकतो. एरवी मूल वाचतं, खेळतं, कोणाला पत्ता लागत नाही. थ्रीडीच्या चष्म्याने ते उघडं पडतं. यावरचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे, म्हणून पुढच्या सिनेमाआधी तिला नेत्रतज्ज्ञांकडे न्या आणि ती काय म्हणाली ते त्यांना तिच्याच शब्दांत सांगा.

तिथे घाबरण्यासारखं काही नाही हे तिला आधीच सांगून ठेवा. लहान मुलांना बहुतेक वेळा एका मोठ्या माशीचं चित्र दाखवतात. त्याआधी डोळ्यांवर जो चष्मा लावतात तो आपल्या थिएटरातलाच भाऊबंद, पोलराइज्ड काचांचा. मग डॉक्टर म्हणतात, ‘या माशीचे पंख चिमटीत धर बघू.’ ज्या मुलाला खोली दिसते त्याची बोटं कागदाच्या वर, हवेतच मिटतात. ज्याला दिसत नाही ते मूल थेट कागदावर बोट टेकवतं.